ओल्या बाळंतिणीचं रडणं

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळचा फाटा लागतो. उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर आणि बालाजी. बहुतेक गाड्या इथं चहापुरत्या थांबतात आणि पुढं जातात. पण या गावच्या गाडे घराण्यातल्या धाराऊचं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊनं बाळराजांना अंगावर पाजलं. साडेतीन शतकं उलटली तरी ही दूधआई गावाचा मान म्हणून सांगितली जाते.

सईबाई त्या बाळंतपणातून पुरत्या उठल्याच नाहीत. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचं निधन झालं. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. राजगडाच्या पायथ्याला पाल गावात सईबाईंची समाधी आहे. हा पूर्वीचा वेल्हे तालुका, आता त्याचंही नाव राजगड झालं आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच. सईबाईंना नेमकं काय झालं होतं, याचं निदान आज करणं म्हणजे आगाऊपणा ठरेल. बाळंतपणानंतर प्रकृती ढासळली, एवढंच आपल्यापर्यंत पोचलं आहे. जन्माची तिथी ठाऊक, मृत्यूची तिथी ठाऊक, दूध कुणी पाजलं तेही ठाऊक. त्या दोन वर्षांत त्या बाईच्या मनात काय चाललं होतं, याची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती.

ती रीत अजूनही पडलेली नाही. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत आज बाळंतिणीची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. आई आहे, आजी आहे, न्हाऊ घालणारी बाई आहे, अंगणवाडी ताई आहे, आशाताई आहे. बाळाचं वजन होतं, टाळू भरली जाते, डिंकाचे लाडू वळले जातात. "तुला कसं वाटतंय गं?" हा प्रश्न मात्र कुणाच्याच कामात बसत नाही.

गोष्ट सुरू होते साधारण तिसऱ्या दिवशी. महाराष्ट्रात आता सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. बाळंतपण सुरळीत झालं की दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. म्हणजे रुग्णालयातल्या सिस्टरनी पाहिलेली असते ती पेढे वाटणारी, दमलेली पण हसरी आई. गाडी माहेरच्या दारात उभी राहते, भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, बाळाला घेऊन ती आतल्या खोलीत जाते आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी काही कारण नसताना तिला रडू फुटतं. कारण विचारलं तर सांगता येत नाही. वरणात मीठ कमी पडलं म्हणून रडते. बाळ शांत झोपलं म्हणून रडते, त्याचा श्वास चालू आहे ना हे चार-चारदा बघते. अर्ध्या तासानं बाळाच्या मुठीकडे बघून हसते आणि लगेच पुन्हा डोळे भरून येतात.

डॉक्टर याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून अधिक बायांना, काही पाहण्यांनुसार ऐंशी टक्क्यांपर्यंत, हे कमीअधिक होतं. कारण शरीरात आहे. नऊ महिने वार इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं भरभरून तयार करत असते. वार पडली की तो झरा एकदम आटतो आणि थोड्याच दिवसांत ही संप्रेरकं गरोदरपणापूर्वीच्या पातळीवर घसरतात. त्याच सुमारास दूध भरून येतं, छाती दगडासारखी होते, टाके ओढतात आणि रात्रीची सलग दोन तास झोप मिळत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास रडणं सर्वांत जास्त असतं. मग ते हळूहळू ओसरतं आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक जणी आपोआप सावरतात. औषध लागत नाही. झोप लागते, गरम जेवण लागतं आणि "होतं असं, जाईल" म्हणणारं माणूस लागतं.

हे शेवटचंच नेमकं मिळत नाही. त्याऐवजी मिळतात सूचना. रडू नको, दूध आटेल. ओल्या बाळंतिणीनं रडलं की डोळे अधू होतात. लक्ष्मी दारात आली आणि ही बघा डोळ्यांत पाणी काढतेय. आमच्या वेळी नव्हती बाई असली नाटकं. सूचना करणाऱ्यांत बहुतेक वेळा प्रेमच असतं, हेही कबूल केलं पाहिजे. पण परिणाम असा होतो की बाई रडणं थांबवत नाही, पदराआड नेते. एकदा पदराआड गेलं की ते चौदाव्या दिवशी थांबलं की नाही, हे घरातल्या कुणालाही कळायला मार्ग उरत नाही.

आपल्या रीतीभातींना यात सरसकट दोष देणं सोपं आहे आणि चुकीचंही. सव्वा महिना बाळंतिणीला पाण्यात हात घालू द्यायचा नाही, जड उचलू द्यायचं नाही, आयतं ताट हातात द्यायचं. रोज तेल लावून अंग रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाजेखाली शेगडी ठेवून ओवा आणि बाळंतशेपांची धुरी द्यायची. अळिवाची खीर, खारीक-खोबरं, सुंठ. ज्या घरात एरवी सुनेच्या ताटात शेवटचं उरलंसुरलं पडतं, त्या घरातही या चाळीस दिवसांत साजूक तूप आधी तिच्या भातावर पडतं. पाचवीचंच बघा. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा आणि घरातल्या बायांनी जागायचं. मनाचा तोल सर्वांत जास्त जातो त्या दिवसांतल्या एका रात्री खोलीत चार बाया जाग्या असतात. ही सोय कुणी आईच्या मनासाठी केलेली नाही, बाळाच्या कपाळासाठी केली आहे. पण त्या रात्री ती एकटी नसते, हे खरं.

स्टर्न आणि क्रुकमन या दोन अभ्यासकांनी १९८३ मध्ये असाच विचार मांडला होता. जिथं बाळंतिणीला ठरावीक दिवस सक्तीची विश्रांती, ठरावीक मदत आणि मानाची जागा मिळते, तिथं बाळंतपणानंतरचं नैराश्य कमी असावं, असा त्यांचा कयास होता. कयास मोहात पाडणारा आहे. आपल्याकडे तर तो ऐकून कुणाचीही छाती फुगेल.

गोव्यानं मात्र ही फुगलेली छाती जमिनीवर आणली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात २७० गरोदर बायांपासून सुरुवात करून त्यांचा बाळंतपणानंतरही पाठपुरावा केला. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्याच्या आजारात होत्या. त्यांतल्या ७८ टक्के जणींच्या मनाची अवस्था गरोदरपणातच बिघडलेली होती आणि सहाव्या महिन्यातही निम्म्याहून अधिक जणी त्याच अवस्थेत होत्या. तेल-मालिश, शेक-शेगडी, माहेर हे सगळं गोव्यातही आहे. तरी चारातली जवळजवळ एक. कारणं शोधली तेव्हा हाती आली ती अगदी घरगुती कारणं: पैशाची ओढाताण, नवऱ्याशी वितुष्ट, मारहाण, आणि मुलगी झाल्याची नाराजी. मुलगा झाला की हीच संकटं थोडी बोथट व्हायची, मुलगी झाली की त्यांना धार चढायची.

पुढं भारतभरच्या ३८ अभ्यासांची, वीस हजारांहून अधिक आयांची माहिती एकत्र केली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१७ मध्ये आलेल्या त्या आढाव्यातही आकडा २२ टक्के निघाला. म्हणजे गोवा अपवाद नव्हता.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात आणि घरोघर नेमकी यांचीच गल्लत होते. दोन आठवड्यांत ओसरणारं रडणं हा आजार नाही. दोन आठवड्यांनंतरही टिकलेलं, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी नव्यानं आलेलं उदासपण हा आजार आहे आणि तो बरा होतो. त्याची ओळख रडण्यापेक्षा इतर गोष्टींत अधिक पटते. बाळ झोपलं तरी डोळ्याला डोळा लागत नाही. आवडीची मालिका लावली तरी नजर भिंतीवर. बाळाचं सगळं करते, पण यंत्रासारखं. "मी आई व्हायच्या लायकीची नाही," "मी नसते तर बरं झालं असतं," असं कधी तरी बोलून जाते आणि ऐकणारे "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून विषय बदलतात. विषय बदलण्याची ही सवय महाग पडते.

भोर-वेल्ह्यात याला पावसाची जोड आहे. सह्याद्रीच्या धारेखालचा हा मुलूख. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं ही नावं इतिहासात वाचायला झकास वाटतात, आषाढात तिथं राहून बघावं. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद होतो, ओढ्यांवरचे साकव पाण्याखाली जातात. आणि हेच भातलावणीचे दिवस. चिखलणी झाली, रोपं तयार झाली की थांबता येत नाही, घरातलं प्रत्येक माणूस खाचरात लागतं. आई पहाटे बाळंतिणीला न्हाऊ घालते, भाकऱ्या करून ठेवते आणि डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन बाहेर पडते, ती अंधारलं की येते. दिवसभर घरात बाळंतीण, बाळ आणि म्हातारी आजी. वारं लागेल म्हणून खिडकी बंद. ओल्या लाकडांचा धूर. दुपटी वाळत नाहीत म्हणून निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून त्यावर पसरलेली. प्रत्येक दुपट्याला धुराचा वास. वीज गेली की मोबाइल बंद, नवऱ्याचा फोन नाही. तो शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर, नाही तर मुंबईत. केंद्र सरकारच्या नोकराला पितृत्वाची रजा मिळते, खासगी मालकावर तसं कायद्याचं बंधन नाही. बारशाला एक दिवस येतो, बाळाचे फोटो काढतो आणि रात्रपाळीला परत जातो.

अशा घरात विश्रांतीची रीत आणि एकटं पडणं यांतलं अंतर पुसलं जातं. बाईला बाजेवर बसवलं आहे, पण तिच्याजवळ कुणी बसलेलं नाही.

पूर्वी मन मोकळं करायला निदान जातं होतं. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागांतून आणि नंतर राज्यभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, लेकीच्या जन्माचं दुःख, असं चारचौघांत न बोलता येणारं पुष्कळ काही त्यांत आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीच्या आडोशानं ते बोलायला मुभा होती. पिठाची गिरणी आली, बायांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. त्या मुभेच्या जागी मात्र दुसरं काही आलेलं नाही. व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक ग्रुपवर बाळाचा फोटो टाकता येतो. आपल्याला बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, हे तिथं कोण लिहिणार?

आता आरोग्यखात्याकडे वळू, कारण हाती लागण्यासारखं काही असेल तर ते इथंच आहे. नवजात बाळाची घरोघरी जाऊन काळजी घेण्याची राष्ट्रीय योजना मुळात मराठी मातीतली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून ती उभी केली आणि तिथले नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ मध्ये जगापुढे आलं. २०११ पासून देशभर आशाताई त्या पद्धतीनं भेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर भेटींचे दिवस ठरलेले: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा.

हे दिवस पुन्हा एकदा वाचावेत. तिसऱ्या दिवशी रडणं सुरू होतं. सातव्याला ते कळस गाठून उतरणीला लागलेलं असायला हवं. चौदाव्याला थांबायला हवं. अठ्ठाविसाव्याला आणि बेचाळिसाव्याला टिकून असेल तर तो आजार. बाळाच्या जिवासाठी आखलेलं वेळापत्रक आईच्या मनालाही तंतोतंत लागू पडतं आणि आशाताई त्या-त्या दिवशी उंबऱ्यावर आलेलीच असते! पण तिच्या हातातल्या कागदावर काय आहे? आई दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, किती घड्या बदलाव्या लागतात, ताप आहे का, स्तनाग्रांना चिरा आहेत का, बाळ सारखं रडतं का. बाळाच्या रडण्याला रकाना आहे, आईच्या रडण्याला नाही. मनाशी संबंध असलेला म्हणावा असा एक प्रश्न आहे: आई असंबद्ध बोलते का, किंवा झटके येतात का. म्हणजे टोकाला गेलेली बाई सापडेल. बाजेवर गप्प बसून सगळं नीट करणारी, आतून विझत चाललेली बाई त्या कागदावरून सुटून जाईल.

दुसरी फट याहून मोठी आहे आणि ती आपल्या एका लाडक्या रीतीतून पडली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. वेल्ह्याची लेक पुण्यात धायरीला किंवा कात्रजला दिलेली असते, बाळंतपणाला ती माहेरी येते. सव्वा महिना माहेरच्या गावची आशाताई भेटी देते. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चांगला दिवस पाहून तिला पोचवलं जातं. साडी, कुंची, पाळणा, गाडीभर सामान. सासरी दुसरी आशाताई, तिची लहान बाळांसाठीची पहिली भेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या दिवसांत बाई कुणाच्याच यादीत नसते. गोव्यात चारातली एक आजारी आढळली ती सहा ते आठ आठवड्यांवर, हे इथं आठवावं. घरातल्या माणसांचंही तेच. माहेरच्यांनी तिचं सुरुवातीचं रडणं पाहिलेलं असतं आणि ते थांबेल असं धरून चाललेले असतात. सासरच्यांना दिसते ती गप्प, अंगानं भरलेली सून. बाळ झाल्यावर मुलगी शांत झाली, असं त्यांना वाटतं. माहेरानं आधी पाहिलं, सासरानं नंतर. दोन्ही पाहिलेलं माणूस एकच: ती स्वतः.

धायरीच्या एका खोलीत मग मालिश करणारी बाई नसते, आजी नसते. नळाला पाणी येण्याच्या वेळा असतात. नवरा सकाळी सातला निघतो. ज्या विश्रांतीच्या रीतीचा आपण अभिमान बाळगतो, ती नेमकी आजार डोकं वर काढतो तेव्हा संपलेली असते.

आईची दया म्हणून नको, तर बाळासाठी तरी खात्यानं याकडे पाहावं, असा एक हिशोबी मुद्दाही आहे. गोव्यातल्याच आयांच्या बाळांची मोजमापं सहाव्या महिन्यात घेतली गेली. ज्यांच्या आया नैराश्यात होत्या ती बाळं वजनात आणि उंचीत मागं पडण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. बाळाचा काटा हलत नाही म्हणून आईला पाजण्याच्या पद्धतीवर व्याख्यान देण्यापूर्वी हे लक्षात घेतलेलं बरं.

घरात कुणाच्या लक्षात आलंच, तर पुढची पायरी अजूनही बऱ्याचदा देवऋषी. ओली बाळंतीण म्हणजे बाहेरचं लागायला मोकळी, ही समजूत पक्की. अंगारा लावला, उतारा टाकला. त्यानं घरच्यांचा धीर वाढत असेल, दिवस मात्र वाया जातात. मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की येरवडा आठवतो. येरवड्याचं मनोरुग्णालय आपल्या बोलण्यात इतकी वर्षं शिवी म्हणून वापरलं गेलं आहे की तिथं उपचार होतात हेच लोक विसरले. त्यातून सासरच्यांची भीती वेगळी: नाव झालं तर धाकट्याचं लग्न जमेल का? आणि बाईची भीती सगळ्यांत मोठी, बाळ काढून घेतील. या भीतीला कायद्यात उत्तर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आई उपचारासाठी दाखल असेल तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग चालू आहे. दूध पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. सर्ट्रालिनसारखी गोळी डॉक्टर त्याच कारणानं निवडतात. स्वतःच्या मनानं कधीच गोळी सुरू किंवा बंद करायची नाही, हे ओघानं आलंच.

गोळीआधी रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी आहेत. बाळंतपणात आणखी रक्त गेलेली, धाप लागणारी, सतत झोपाळलेली बाई उदास दिसणारच. थायरॉइडचं तसंच. या दोन तपासण्यांनी काही जणींचा प्रश्न तिथंच सुटतो.

उरलेल्यांसाठी प्रत्येक खोऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ बसवता येणार नाही, हेही उघड आहे. पण तसं करावं लागत नाही, हे आपल्या शेजारच्यांनी दाखवून दिलं आहे. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच बायांना, बोलण्याची एक साधी पद्धत शिकवली. गरोदरपणापासून सुरू करून ठरावीक भेटी. आईच्या मनातला विचार कोणता, त्याचं काय करता येईल, घरातल्या कुणाला सोबत घेता येईल, एवढ्याभोवती फिरणारं बोलणं. सहा महिन्यांनी, ज्या गावांत हे झालं तिथं २३ टक्के आया अजून नैराश्यात होत्या; जिथं नुसत्या नेहमीच्या भेटी झाल्या तिथं ५३ टक्के. २००८ मध्ये 'लॅन्सेट'नं हे छापलं. पुढं गोव्यात 'संगाथ' संस्थेनं आरोग्यसेविकांऐवजी शेजारपाजारच्या बायांकडूनच हे करून पाहिलं. तिथं फरक एवढा मोठा दिसला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. तरी काही न करण्यापेक्षा तो बरा होता.

आशाताईंवर आणखी एक काम टाका, असं सुचवणं शहरातल्या खुर्चीत बसून फार सोपं आहे. योजना सुरू झाली तेव्हा बाळाच्या या साऱ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला होता २५० रुपये. डोंगरावरच्या धनगरवाड्यावर, कातकरी वस्तीवर पायी जाऊन. रायरेश्वराच्या पठारावर जायचं तर लोखंडी शिडी चढावी लागते. तेव्हा प्रश्न वाढवायचे तर पैसेही वाढवायला हवेत आणि 'हो' उत्तर आलं तर त्या बाईला पुढं कुठं पाठवायचं, याचं उत्तर तालुक्याच्या पातळीवर तयार हवं. नुसता रकाना वाढवला तर तो 'नाही' असं लिहून भरला जाईल. कागद भरण्याची ही कला आपल्या सर्वच खात्यांना अवगत आहे.

प्रश्नांचा संच नव्यानं शोधायची गरज नाही. एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये दहा प्रश्नांची एक पट्टी तयार केली, ती जगभर चालते, मराठीतही झाली आहे. पहिला प्रश्न हसण्याचा, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. दहा प्रश्न जड वाटत असतील तर निदान चौदाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, सासूला किंवा आईला चहा टाकायला आत पाठवून, दोन प्रश्न विचारावेत: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का, आणि कशात मन रमतं का. शिवाय लेक सासरी निघाली की माहेरच्या आशाताईनं सासरच्या आशाताईला एक फोन करावा. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड बाळाबरोबर जातं, आईची खबरही जायला काय हरकत आहे?

आणि घरांनी? बाळंतविड्याच्या यादीत झोप लिहावी. रात्रीचं एक पाजणं झालं की बाळ दुसऱ्या कुणी तरी घ्यावं, ढेकर काढावी, दुपटं बदलावं, आणि तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावं. हे नवऱ्यालाही जमतं, शिरवळच्या पाळीतून सुट्टी असेल त्या रात्री तर नक्कीच. दूध लवकर आलं नाही तर तिच्यासमोर हळहळू नये. कापूरहोळच्या धाराऊनं बाळराजांना पाजलं, तेव्हा सईबाईंचं आईपण कमी झालं असं या मुलखानं कधी मानलेलं नाही. मुलगी झाली असेल तर पहिले पंधरा दिवस भेटायला येणाऱ्यांचं तोंड सांभाळायची जबाबदारी घरच्या वडीलधाऱ्यांनी घ्यावी. भातलावणी चालू असेल तर शेजारणींनी पाळी लावून दुपारी तासभर जाऊन बसावं. खिडकी उघडी ठेवावी.

दर हजारी एक-दोन बायांच्या बाबतीत गोष्ट अचानक वेगळ्या वळणावर जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाई दोन-दोन दिवस झोपत नाही, भलतेच आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाही किंवा बाळात काही शिरलंय असं म्हणते, कधी फार आनंदात, कधी घाबरलेली. हे बाहेरचं नाही आणि बेबी ब्लूजही नाही. ही त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याची वेळ आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. जिवाचं बरंवाईट करण्याचं कुणीही बोललं तरी तेच.

बाकी वेळी, चौदा दिवस उलटले आणि तरी ती सावरलेली नसेल तर, जवळच्या सरकारी दवाखान्यात स्पष्ट सांगावं की बाळासाठी नाही, आईसाठी आलो आहोत. जाता येत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन बाळंतिणीनंच करावा असंही नाही. आई, सासू, नवरा, आशाताई, कुणीही करू शकतं.